वंशावळ मागणाऱ्यांनी आधी तंजावर वाचावं

महाराष्ट्रातून तंजावरला गेलेला माणूस मोठ्या देवळात एका ठिकाणी हमखास थांबतो. राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वराच्या आवारात, नैऋत्य बाजूच्या भिंतीवर देवनागरीत मराठी मजकूर कोरलेला आहे. तो भोसले घराण्याचा इतिहास. सरफोजी दुसरे यांच्या आज्ञेवरून त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी तो रचला आणि १८०३ साली तो दगडावर चढला. जगातला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो दाखवला जातो. मीही थांबलो, फोटो काढले, इतक्या दूर आपली भाषा दिसली म्हणून हरखलोही.

परत आल्यावर महिनाभरात बहिणीच्या मुलीच्या जात पडताळणीचे कागद जमवायला बसलो. त्यात वंशावळीचं प्रतिज्ञापत्र असतं. वर मूळ पुरुष, खाली त्याची मुलं, त्यांची मुलं. आम्ही भटक्यांतले. आजोबांपर्यंत गाडी ठीक चालली. पणजोबांचं एकच नाव सगळ्यांना माहीत, आणि तेही टोपणनाव. त्यांचा जन्म कुठे झाला, कोणत्या गावाच्या शिवारात पाल होतं, कुणालाच सांगता येईना. कार्यालयातला माणूस म्हणाला, "१९६१ च्या आधीचा पुरावा आणा." शाळेचा दाखला, महसुली नोंद, काहीही. शाळेत गेलेलं कुणी नव्हतं आणि जमीन नव्हती, तर नोंद कुठून आणायची?

एकीकडे अख्खी भिंत भरून वंशावळ, दुसरीकडे एक रिकामी चौकट. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, असं मला तेव्हापासून वाटतं आहे.

दगडावर वंशावळ का कोरावी लागली?

सरफोजी हे तुळजाजींचे औरस पुत्र नव्हते. १७८७ साली मरणाच्या दारात असताना तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतलं. पंडितांनी दत्तक अवैध ठरवलं आणि गादी अमरसिंहाकडे गेली. पुढे पुन्हा पंडितांना विचारलं गेलं, तेव्हा तेच दत्तक वैध निघालं! १७९८ साली सरफोजी गादीवर आले. लगेच १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला किल्ला, नेमणूक आणि मान.

त्यानंतर चारच वर्षांनी हा लेख कोरला गेला. हक्काबद्दल शंका घेतली गेली होती, सत्ता हातातून निघाली होती, आणि तेव्हा वंश दगडावर चढला. सरफोजींची विद्वत्ता, त्यांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय, त्यांचं वैद्यकाचं काम, या सगळ्याबद्दल आदर ठेवूनच हे म्हणतो. वंशावळ म्हणजे नुसती आठवण नव्हे. ती दाव्याचा कागद असते. ज्याला काही मिळवायचं किंवा टिकवायचं असतं तो ती लिहवून घेतो. लिहवून घ्यायला चिटणीस लागतो, कोरायला पाथरवट लागतो आणि भिंत आपल्या ताब्यात असावी लागते.

शिलालेखात राजे आहेत. दगड वाहणारे, भातखाचरात राबणारे, राजवाड्यातल्या दासी यांच्या वंशाला भिंत मिळाली नाही. आता त्या माणसांकडे जाऊ. त्यासाठी ११५ वर्षं मागे आणि ऐंशीएक किलोमीटर पूर्वेला, नागपट्टणमच्या बंदरावर जावं लागेल.

साल १६८८

नागपट्टणम १६५८ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीजांकडून घेतलं. पुढे व्यंकोजी भोसले तंजावरचे राजे झाले, तरी बंदर डचांकडेच राहिलं. या किनाऱ्यावरून कापड जात असे, तशी माणसंही जात. दुष्काळ पडला, फौजा फिरल्या, की माणसांचा भाव उतरे आणि व्यापाऱ्यांची जहाजं भरत. डच दप्तराच्या आधारे इतिहासकार मार्कस विंक यांनी दाखवलं आहे की १६५९ ते १६६१ च्या उद्ध्वस्त वर्षांत या किनाऱ्यावरच्या बंदरांतून आठ ते दहा हजार माणसं गुलाम म्हणून बाहेर गेली. १६८८ च्या सुमारास पिकं बुडाली आणि मोगली फौजा दक्षिणेत सरकल्या. त्या वेळी तंजावर मुलखातली हजारो माणसं विकली गेली. त्यांत बहुतेक मुली आणि लहान मुलगे होते. नागपट्टणमहून आशियाई व्यापाऱ्यांनी त्यांना आचे, जोहोर अशा बाजारांत नेलं.

तेव्हा तंजावरला व्यंकोजींचे पुत्र शहाजी राज्य करत होते.

इथे थोडं थांबावं लागेल. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या कर्नाटक मोहिमेत डचांना कौल दिला. माझ्या मुलखात स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेता येणार नाही आणि बाहेर नेता येणार नाही, असा त्याचा आशय. तो डच कागदांत टिकून आहे. दर शिवजयंतीला हा कौल आपण अभिमानाने एकमेकांना पाठवतो, आणि पाठवायलाच हवा. सतराव्या शतकात असं बोलणारा राजा विरळा. पण मग पुढचा प्रश्नही आपल्यालाच विचारावा लागेल. अकराच वर्षांनी, त्याच घराण्याच्या दुसऱ्या पातीच्या मुलखातली लेकरं त्याच किनाऱ्यावरून जहाजांत भरली गेली, ते आपल्याला कोणत्या शाळेत शिकवलं? रक्त एकच होतं. म्हणजे माणुसकी रक्तातून उतरत नाही, ती धोरणातून येते. वंशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एवढं तरी या दोन सालांमधून घ्यावं.

आता याच १६८८ सालात दुसऱ्या एका समुद्रावर काय चाललं होतं ते पाहा. फ्रान्सच्या राजाने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं. ह्यूगनॉट म्हणून ओळखले जाणारे हे लोक देश सोडून पळाले. त्यांतल्या सुमारे दोनशे जणांना त्याच डच कंपनीने आफ्रिकेच्या टोकाला, केप वसाहतीत वसवलं. त्यांची मुख्य जहाजं १६८८ सालीच तिथे लागली. ऑस्टरलँड हे त्यांतलं एक.

या लोकांचीही दप्तरं पूर्ण नाहीत. डच कारकुनांनी फ्रेंच नावं कानाला आली तशी लिहिली. व्हिलियोंचं व्हिल्यून झालं, क्रोनियेचं क्रोन्ये झालं. दोन पिढ्यांत फ्रेंच भाषाही गेली. तरीही त्यांचे वंशज आज आपला मूळ पुरुष शोधू शकतात. कारण कुणी तरी जहाजावरची नावं लिहिली, चर्चने बाप्तिस्मे आणि लग्नं लिहिली, कंपनीने जमिनीच्या सनदा दिल्या, मेल्यावर मृत्युपत्रं निघाली. १८९३-९४ मध्ये डी व्हिलियर्स नावाच्या संशोधकाचा जुन्या केप घराण्यांचा मोठा वंशग्रंथ छापला गेला. त्याचं आडनावच ह्यूगनॉट. निर्वासित म्हणून आलेल्यांना दोनशे वर्षांत छापील वंशावळ मिळाली.

एकच कंपनी, एकच साल, दोन्हीकडे घर सुटलेली माणसं. दोनशेंची नावं राहिली, हजारोंची फक्त गोळाबेरीज राहिली. हे कागद वाळवीने खाल्ले म्हणून झालं नाही. कंपनीकडे कागदाची कमतरता नव्हती. मिरीच्या गोण्या आणि कापडाच्या गाठी ती नेमाने मोजत होती. कुणाला वारस असू शकतो आणि कोण स्वतःच वारशाने मिळणारी वस्तू आहे, हे आधी ठरलेलं होतं. कागद त्याप्रमाणे भरला गेला.

"किनाऱ्याची"

केपलाही गुलाम नेले जात. १६५२ पासून १८०८ पर्यंत सुमारे ६३ हजार माणसं तिथे आणली गेली. ढोबळमानाने त्यांतला चौथा हिस्सा आपल्या उपखंडातला. त्यांची खरी नावं काढून घेतली गेली. मालकाने ठेवलेलं नाव सिपिओ किंवा टायटस, नाहीतर ज्या महिन्यात विकत घेतलं तो महिना : फेब्रुवारी, सप्टेंबर. पुढे फक्त जागा. "व्हान बेंगाले" म्हणजे बंगालचा. "व्हान मलबार". आणि "व्हान दे कुस्ट", म्हणजे किनाऱ्याचा किंवा किनाऱ्याची. कुठल्या किनाऱ्याची? कोरोमंडलची, म्हणजे आपण ज्या किनाऱ्याबद्दल बोलतो आहोत त्याची. गाव नाही, आई-बाप नाहीत, जात नाही, भाषा नाही. शेकडो मैलांचा किनारा हेच आडनाव. फेब्रुवारी, सप्टेंबर ही आडनावं दक्षिण आफ्रिकेत आजही भेटतात.

अशा माणसाचा माग कसा काढायचा? केपटाउनचे संशोधक काढतात. विक्रीखतं वाचतात. मालकाच्या मृत्युपत्रातली मालमत्तेची यादी वाचतात, कारण गुलाम तिथे गुरांच्या आणि भांड्यांच्या सोबत सापडतात. मुक्ततेचे कागद आणि फौजदारी खटल्यातल्या जबान्या वाचतात. बाप्तिस्म्याच्या वहीत आईचं नाव असतं आणि बापाची जागा मोकळी असते. ती मोकळी जागा कोणाची, हे त्या घराच्या मालकाचं नाव बघून पुष्कळदा ओळखता येतं.

अँजेला व्हान बेंगाले ही अशीच. १६५७ साली गुलाम म्हणून केपला आली, वसाहतीचा प्रमुख यान व्हान रीबेक याच्या घरी राबली. १६६६ साली मुक्त झाली आणि १६६९ मध्ये बासोन नावाच्या युरोपियनाशी लग्न केलं. आज स्वतःला गोरे म्हणवणाऱ्या अनेक आफ्रिकानेर घराण्यांची ती आदिमाता आहे. १९७१ साली हीसे या संशोधकाने जुनी दप्तरं तपासून सांगितलं की आफ्रिकानेरांच्या पूर्वजांत सुमारे सात टक्के वाटा युरोपबाहेरच्यांचा आहे. वर्णभेदी राजवट ऐन भरात असताना हे छापलं गेलं. १९४८ साली वर्णभेदाचं सरकार आणणारे पंतप्रधान मलान यांचं आडनावही ह्यूगनॉटच, हे इथे आठवायला हरकत नाही. त्यांच्याच सरकारने १९५० साली प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद करायचा कायदा केला. एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या वंशांत टाकली गेली.

शुद्ध वंश म्हणजे मोकळी सोडलेली जागा वाचायला नकार देणं. हे केपला खरं आहे, तसं ते आपल्याकडेही खरं आहे.

वर्ण ठरवायला कोर्ट

त्यासाठी पुन्हा तंजावरलाच यावं लागतं. १८५५ साली दुसरे शिवाजी वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. मागे राण्या होत्या, आणि तलवारीशी लग्न लावून राजवाड्यात आणलेल्या बायकाही होत्या. या खड्गविवाहाच्या बायकांना आणि त्यांच्या संततीला काय हक्क, यावर पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले. शेवटी मद्रास उच्च न्यायालयापुढे १९२४ साली एक प्रश्न निकालाला आला. खटल्याच्या नावात पहिलंच नाव कोल्हापूरच्या महाराजांचं आहे. प्रश्न असा : तंजावरचे मराठे क्षत्रिय की शूद्र?

मालमत्तेच्या खटल्यात वर्ण कुठून आला? तेव्हाच्या हिंदू कायद्यात त्रैवर्णिकाच्या दासीपुत्राला वारसा नव्हता, शूद्राच्या दासीपुत्राला होता. म्हणजे राजवाड्याच्या मागच्या दारातल्या मुलांना हक्क हवा असेल तर बाप शूद्र ठरायला हवा होता, आणि त्यांना बाहेर ठेवायचं असेल तर तोच बाप क्षत्रिय. भिंतीवर कोरलेली वंशावळ असूनही न्यायालयाने तंजावरच्या मराठ्यांना शूद्र ठरवलं. चारच वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात मराठ्यांचे तीन वर्ग पाडले आणि वरच्या दोघांना क्षत्रिय मानलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ च्या "शूद्र पूर्वी कोण होते?" या ग्रंथात हे निकाल मुद्दाम तपासले आहेत. एकाच समाजाबद्दल दोन न्यायालयं दोन वर्ण सांगतात, याचा अर्थ वर्ण माणसाच्या अंगात सापडत नाही. तो कागद बघणाऱ्याच्या हातात असतो.

आणि ज्यांचा वर्ण ठरवायला कोर्टात जाण्याचीही गरज पडली नाही, त्यांचं काय? तंजावरच्या भातशेतीत परैयर आणि पल्लर पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला बांधलेले होते. जमीन विकली की ती माणसंही तिच्याबरोबर जात. १८४३ च्या कायद्याने गुलामी कायदेशीर राहिली नाही, पण शेतावरची राहिली. कोचीनच्या डच दप्तरात गुलामांच्या खरेदीखतांवर पुलयांसारख्या जातींची नावं लिहिलेली सापडतात. म्हणजे समुद्राकडे जाणारी वाट जातीच्या वस्तीतूनच जात होती. नागपट्टणमजवळच्या कीळवेण्मणीत २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीत थोडी वाढ मागणाऱ्या दलितांपैकी ४४ जण एका झोपडीत जाळले गेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. वरच्या कोर्टाने पुढे जमीनदारांना सोडून दिलं. १६८८ ची नावं गेली. या ४४ जणांची नावं तिथल्या लोकांनी स्मारकावर स्वतः लिहून ठेवली. कुणा चिटणिसाची वाट पाहिली नाही.

आता आपल्या चौकटीकडे

आमच्या पणजोबांची चौकट रिकामी आहे, हे मी वर सांगितलं. खरं तर आमच्यासारख्यांची नोंद कधी झालीच नाही असं नाही. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली मुंबई इलाख्यात कितीतरी जमातींची माणसं नावानिशी नोंदवली गेली. बोटांचे ठसे घेतले गेले, हजेरी लावली गेली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाची वसाहत सगळ्यांना माहीत आहे. केपच्या गुलामाचं नाव मालाच्या यादीत, आमचं नाव पोलिसांच्या वहीत. राज्याने आम्हाला माणूस म्हणून लिहिलं नाही, आणि आज तेच राज्य विचारतं, माणूस असल्याचा जुना कागद कुठे आहे?

अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१, इतर मागासवर्गासाठी १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा मागणारे नियम वरवर सगळ्यांना सारखे दिसतात. पण ज्याच्या घरात पणजोबा शाळेत गेला किंवा सातबाऱ्यावर चढला, त्याला एक अर्ज पुरतो. ज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याला त्याच न चढलेल्या पायरीचा दाखला आणावा लागतो. जातीने जे हिरावलं, तेच जातीचा पुरावा म्हणून मागितलं जातं. खोट्या दाखल्यांवर नोकऱ्या बळकावणारे आहेत, पडताळणी हवीच, हे मला मान्य आहे. ती कुणाच्या खांद्यावर टाकायची एवढाच प्रश्न आहे.

राज्याला जमत नाही असंही नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली. मोडी जाणणारे बोलावले गेले, जुने रुमाल सोडले गेले आणि लाखो नोंदी बाहेर आल्या. त्या आंदोलनाबद्दल कुणाचं मत काहीही असो, एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारने मनावर घेतलं तर नोंद शोधायला सरकार स्वतः जातं, नागरिकाला पाठवत नाही. मग हीच तसदी पालावरच्या, पाड्यावरच्या, वाड्याबाहेरच्या माणसांसाठी का घेतली जात नाही?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ज्या समाजांना राज्याने आणि गावाने नोंदीबाहेर ठेवलं, त्यांच्याबाबत पुरावा शोधण्याची जबाबदारी समितीने घ्यावी. गुन्हेगार जमातींच्या वसाहतींची रजिस्टरं, जुने पोलीस आणि तुरुंगाचे कागद सरकारने स्वतः उघडावेत, जपावेत, वारसांना फुकट दाखवावेत. जातपंचांच्या, म्हाताऱ्या बायांच्या, शेजारच्या गावांच्या साक्षी पुरावा म्हणून धराव्यात. कुठल्या सालच्या दुष्काळात पाल कुठे होतं हे आमच्या आजीला तोंडपाठ होतं. ते कागदावर आलं नाही, हा तिचा दोष नव्हता. आणि तंजावरच्या मोडी दप्तरात राजघराण्याच्या पलीकडे पाहणारे वाचक तयार व्हावेत. राजवाड्याच्या खर्चाच्या वह्यांत धान्य घेणाऱ्या, झाडणाऱ्या, नाचणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या माणसांची नावं असतात. मोडी आपली आहे. ती वाचायला केपटाउनहून कुणी येणार नाही.

नोंद नीट झाली तर काय होतं याचंही उदाहरण आहे. १८६० पासून मद्रासहून नाताळला गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या याद्यांत नाव, बापाचं नाव, जात आणि गाव लिहिलेलं आहे. तो कागदही मजुरांच्या भल्यासाठी केलेला नव्हता. पण त्याच्या आधाराने डर्बनची नातवंडं आजही तमिळ मुलखातलं आपलं गाव शोधत येतात. किनाऱ्याच्या मुलीची नातवंडं येऊ शकत नाहीत. फरक रक्ताचा नाही, एका ओळीचा आहे.

बहिणीच्या मुलीची फाइल अजून अडकलेली आहे. पणजोबांच्या वरच्या चौकटीत काय लिहू, असं तिने परवा पुन्हा विचारलं. मी म्हणालो, रिकामी ठेव आणि खाली लिही : ही नोंद आम्ही हरवलेली नाही, ती कुणी केलीच नाही. तिने तसं लिहिलं. आता उत्तर त्यांनी द्यायचं आहे.